चंद्रपूर-गडचिरोलीचा हिवाळा आणि नाजूक उष्णकटिबंधीय वनस्पतींची पूर्वतयारी

प्रस्तावना

चंद्रपूरचे नाव निघाले की उन्हाळाच आठवतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर गेल्याचे वृत्त दरवर्षी येते आणि जिल्ह्याबाहेरच्या माणसाच्या मनात या भूप्रदेशाचे तेवढेच चित्र ठसते. या प्रसिद्धीमुळे येथील हिवाळ्याकडे दुर्लक्ष झाले आहे. वस्तुतः समुद्रापासून दूर, विसाव्या अक्षांशाच्या आसपास वसलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत डिसेंबर-जानेवारीतील रात्रीचे तापमान साधारणतः १२ ते १४ अंशांपर्यंत उतरते आणि उत्तरेकडून थंड, कोरडे वारे वाहू लागले की ७-८ अंशांचीही नोंद होते. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले होते. त्याच काळात रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरील गावी रात्रीचा पारा सहसा १८ अंशांच्या आसपास असतो.

हा फरक वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाला नेमका भोवतो. आर्थिक वनस्पतिशास्त्र शिकविताना मिरी, दालचिनी, जायफळ, कोको, सुपारी, नागवेल, व्हॅनिला यांचे जिवंत नमुने विद्यार्थ्यांसमोर असावेत, या हेतूने महाविद्यालयांच्या उद्यानांत ही रोपे कोकणातून वा केरळमधून आणून लावली जातात. पावसाळ्यात ती तरारतात, दिवाळीच्या सुटीपर्यंत त्यांना नवी पालवीही फुटते आणि संक्रांतीच्या सुमारास पाने काळवंडून गळू लागतात. पुढच्या जून महिन्यात रिकाम्या कुंडीवर फक्त नावाची पाटी उरते. ‘येथे ही झाडे जगत नाहीत’ असा निष्कर्ष मग काढला जातो आणि एका संपूर्ण प्रकरणाचे अध्यापन चित्रांवर भागविले जाते. हा निष्कर्ष काही झाडांच्या बाबतीत खरा आहे, सर्वांच्या बाबतीत नाही. जानेवारीत मरणाऱ्या झाडांपैकी अनेकांचे भवितव्य ऑक्टोबरमध्येच ठरलेले असते. ते कसे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

थंडीची इजा आणि गोठण्याची इजा

थंडीने झाड मरते ते पेशींतील पाणी गोठून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हिमालयातील सफरचंदाच्या बागेला किंवा युरोपातील द्राक्षाला ती लागू पडते. चंद्रपुरात मात्र पाणी गोठण्याइतकी थंडी क्वचितच पडते, तरीही केळीची पाने करपतात आणि अॅग्लोनिमाच्या पानांवर तेलकट काळे डाग उमटतात. गोठणबिंदूच्या वर राहूनही होणारी ही इजा वेगळ्या जातीची आहे, हे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १८९७ साली स्पष्ट केले व तिला स्वतंत्र नाव दिले. मराठीत तिला ‘शीतइजा’ म्हणता येईल. उष्ण व दमट प्रदेशांतील बहुतेक वनस्पतींना शून्य ते सुमारे १२ अंश या टप्प्यात ती होते. काहींना १५ अंशांखालीच तिची सुरुवात होते.

या इजेचे मूळ पेशीपटलात शोधले गेले. पेशीपटल हे मेदद्रव्यांचे बनलेले असते आणि त्याने अर्धद्रव अवस्थेत राहणे पेशीच्या सर्व व्यवहारांना आवश्यक असते. तुपाची वाटी हिवाळ्यात थिजते आणि तिळाचे तेल मात्र वाहते राहते, हा घरोघरीचा अनुभव येथे उपयोगी पडतो. संतृप्त मेदाम्ले अधिक असलेले पटल तुपासारखे लवकर थिजते, असंतृप्त मेदाम्ले अधिक असलेले तेलासारखे प्रवाही राहते. थिजलेल्या पटलातून क्षार पाझरू लागतात, तंतुकणिकांतील श्वसनाचा तोल बिघडतो आणि विषारी उपपदार्थ साचतात. अमेरिकी संशोधक जे. एम. लायन्स यांनी १९७३ साली या विचाराची सविस्तर मांडणी केली. पुढे १९९२ मध्ये जपानी शास्त्रज्ञ नोरिओ मुराता व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या रोपांत जनुकीय बदल करून हरितलवकांतील एका विशिष्ट मेदद्रव्याची संतृप्तता कमी-जास्त केली आणि त्यानुसार रोपांची थंडी सोसण्याची शक्ती वाढते वा घटते, हे दाखवून दिले. पटलाचे थिजणे हे एकमेव कारण आहे, असे आज कोणी मानत नाही. तथापि मूळ सूत्र टिकून आहे.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. जमीन गार झाली की उष्णकटिबंधीय झाडांच्या मुळांची पाणी शोषण्याची क्षमता झपाट्याने घटते. पानांवरील पर्णरंध्रे मात्र थंडीत लवकर मिटत नाहीत. परिणामी खालून येणारा पाण्याचा पुरवठा मंदावलेला आणि वरून बाष्पोत्सर्जन चालू, अशी स्थिती निर्माण होते. कुंडीत भरपूर ओल असूनही रोप कोमेजलेले दिसते. ते पाहून माळी आणखी पाणी घालतो आणि गार, चिकट मातीत मुळे कुजू लागतात. शीतइजेने जितकी झाडे मरतात, तितकीच बहुधा या दयाळूपणाने मरत असावीत.

रात्रीचे आकाश

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक घसरले असेल, तर थंडीची लाट मानली जाते. किनारपट्टीसाठी हीच मर्यादा १५ अंशांची आहे. म्हणजे कोकणातील माणसाला ज्या रात्री लाट आल्यासारखे वाटते, ती रात्र चंद्रपूरकराला सौम्य वाटते. कोकणातून आणलेल्या झाडाचेही तसेच आहे.

पण वृत्तपत्रात छापून येणारा आकडा आणि पानाचे प्रत्यक्ष तापमान यांत अंतर असते. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. उघड्यावरील पानाला अशी पेटी नसते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पान आपली उष्णता अदृश्य प्रारणाच्या रूपाने थेट आकाशाकडे सोडत राहते आणि सभोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते ती वेगळीच. त्यामुळे पेटीतील तापमापक ८ अंश दाखवीत असताना मोकळ्या मैदानावरील रोपाच्या पानाचे तापमान ४ ते ५ अंशांवर गेलेले असू शकते. ढगाळ रात्र उबदार का असते, याचेही उत्तर यातच आहे. ढग हे आकाशाला घातलेले पांघरूण असते.

येथे विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याच्या १८१४ मधील दवावरील निबंधाची आठवण होते. इंग्लंडमधील माळी नाजूक रोपांवर रात्री पातळ चटई टाकत. इतक्या पातळ चटईने हवेची थंडी कशी अडणार, म्हणून आपण पूर्वी त्यांना मनातल्या मनात हसत असू, अशा आशयाची कबुली वेल्स यांनी त्या निबंधात दिली आहे. नंतर त्यांनी गवतावर काही इंच उंचीवर चार काड्यांच्या आधाराने तलम कापडाचा रुमाल ताणून धरला, तेव्हा रुमालाखालचे गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा स्पष्टपणे उबदार राहिले. चटई थंडी अडवीत नव्हती. ती पान आणि आकाश यांच्यामध्ये आडपडदा बनत होती. माळ्यांना कारण ठाऊक नव्हते, उपाय ठाऊक होता.

गार हवा जड असते आणि पाण्याप्रमाणे उतारावरून वाहत जाऊन सखल जागी साचते. मध्य भारतातील वनशास्त्रीय लेखनात थंडीच्या खळग्यांचा उल्लेख यामुळेच येतो. अशा खोलगट गवताळ जागी रोपे वारंवार मारली जातात आणि शेजारच्या उंचवट्यावर तीच जात उत्तम वाढते. महाविद्यालयाच्या आवारातही हे लहान प्रमाणात घडते. कुंपणाच्या भिंतीने उतार अडविलेला कोपरा, खेळाच्या मैदानाची सखल कड, नाल्याकाठची पट्टी या सर्वांत थंड जागा होत. याउलट दक्षिण वा पश्चिमेकडे तोंड असलेल्या दगडी अथवा विटांच्या भिंतीलगतची जागा दिवसा तापते आणि ती ऊब पहाटेपर्यंत थोडीथोडी परत देते. तळ्याचे सान्निध्यही उपकारक ठरते. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव आणि बोड्या यांची परंपरा मोठी आहे. त्यांच्या पाळीवरची झाडे थंडीच्या लाटेतही बरी दिसतात.

याची खात्री करून घेणे अवघड नाही. भौतिकशास्त्र वा भूगोल विभागाकडील किमान तापमान नोंदविणारे तीन-चार तापमापक आवारात वेगवेगळ्या ठिकाणी, पानांच्या उंचीवर, उघडे टांगावेत आणि पौष महिन्यातील पंधरा दिवस सकाळी त्यांची नोंद घ्यावी. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून स्वस्त विषय सापडणार नाही आणि उद्यानातील कोणते झाड कोठे हलवावे, याचा नकाशा आपोआप हाती येईल.

जंगलाचा धडा

गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग वनाच्छादित आहे आणि चंद्रपूरचा पूर्व भागही तसाच. येथील सागवान, ऐन, बिजा, मोह ही झाडेही उष्णकटिबंधीयच आहेत, पण ती थंडीने मरत नाहीत. पाऊस संपला की ती वाढ थांबवितात. नवी कोवळी पालवी फुटणे बंद होते, अंगातील ओल कमी होते, खोडात पिष्टमय पदार्थ साठतात आणि पुढे पाने उतरतात. सफेद मुसळी, तिखूर, रानसुरण या कंदवर्गीय वनस्पती तर जमिनीवरचा सारा संसार आवरून खाली निघून जातात. थंड देशांतील बागाईतदार कर्दळ आणि डेलियाचे कंद हिवाळ्यापूर्वी उकरून तळघरात ठेवतात. येथील जंगलात ते काम कंद स्वतःच करतो.

कोकणातून वा केरळातून आलेल्या सदाहरित झाडाला ही शिस्त नसते. पाणी आणि खत मिळत राहिले की ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही कोवळे कोंब काढीत राहते आणि नेमके हेच कोंब पहिल्या थंडीला बळी पडतात. म्हणून त्याला थांबावयास लावणे, हा पूर्वतयारीचा गाभा होय. ‘कणखर करणे’ हा शब्दप्रयोग रोपवाटिकांत रूढ आहे, तो येथे तंतोतंत लागू पडतो.

पाण्याच्या ताणाने झाड थंडीसाठीही कणखर होते, याला प्रायोगिक आधार आहे. जे. एम. विल्सन यांनी १९७६ साली घेवड्याच्या रोपांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, काही दिवस कोरड्या हवेत ठेवून ताण दिलेली रोपे नंतर ५ अंशांच्या थंडीत तग धरतात, कारण त्यांची पर्णरंध्रे वेळेवर मिटू लागलेली असतात. केवळ चार दिवस १२ अंशांच्या सौम्य थंडीत ठेवलेल्या रोपांनाही असाच लाभ झाला. निसर्गतः ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून रात्री हळूहळू थंडावत जातात, ते रोपांचे प्रशिक्षणच असते. त्या काळात रोप उबदार खोलीत ठेवून जानेवारीत एकदम बाहेर काढले, तर त्याची ही संधी हुकते.

दसरा ते तुळशीचे लग्न

या भागातील पूर्वतयारीचा काळ पंचांगाच्या भाषेत दसरा ते तुळशीचे लग्न असा सांगता येईल. दुर्दैवाने महाविद्यालयांत हाच काळ परीक्षा आणि दिवाळीच्या सुटीचा असतो. उद्यान एकतर दुर्लक्षित राहते किंवा सुटीत झाडे वाळू नयेत म्हणून सुटीपूर्वी त्यांना सढळ हाताने शेणखत, युरिया आणि पाणी देऊन ठेवले जाते. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे.

नत्रयुक्त खत सप्टेंबरच्या अखेरीस पूर्णपणे थांबवावे. पालाश मात्र त्या सुमारास द्यावे. पेशीतील पाण्याचा ताबा आणि पर्णरंध्रांची उघडझाप या दोहोंत पालाशाचा वाटा असतो. शेणाची राख सहज उपलब्ध असते आणि तिच्यात पालाश असते, पण ती अल्कधर्मी असल्याने वरोरा-राजुऱ्याकडील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तिचा वापर बेताने करावा. पाणी एकदम तोडू नये, दोन पाळ्यांमधील अंतर वाढवीत न्यावे. छाटणी या काळात करू नये, कारण प्रत्येक छाट नव्या फुटीला आमंत्रण देते. दिवाळीपूर्वी आवार नीटनेटके करण्याच्या उत्साहात जास्वंद, क्रोटन, अॅकॅलिफा यांची सरसकट कापणी होते आणि संक्रांतीला त्यांची नवी फूट काळी पडते, हे दृश्य नेहमीचे आहे.

शेडनेटची हिरवी जाळी हा असाच एक विषय. उन्हापासून बचावासाठी ती मार्चमध्ये लावली जाते आणि पावसाळ्यात वा दिवाळीत ‘आता ऊन सरले’ म्हणून उतरविली जाते. परंतु जाळी दिवसा जसे ऊन अडविते, तसेच रात्री पानातून आकाशाकडे जाणारे प्रारणही काही अंशी अडविते. वेल्स यांच्या रुमालाचेच काम ती करते. हिवाळ्यात ती तशीच ठेवून उत्तर आणि पूर्व बाजूंना बांबूच्या तट्ट्या उभ्या केल्यास बिनखर्चाचे शीतगृह नव्हे, पण बऱ्यापैकी उबगृह तयार होते. रामटेक परिसरातील बारई समाजाचे पानमळे पिढ्यानपिढ्या याच तत्त्वावर चालत आले आहेत. वर शेवरी-पांगाऱ्याची सावली आणि बाजूंनी ताट्या. नागवेल ही अत्यंत नाजूक वनस्पती विदर्भातील दोन्ही टोकांच्या ऋतूंतून त्या आडोशाने निभावते.

कुंड्यांतील झाडे व्हरांड्यात वा प्रयोगशाळेत हलवावयाची असल्यास ती टप्प्याटप्प्याने हलवावीत. उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत नेलेले क्रोटन किंवा विपिंग फिग आठवडाभरात पाने झाडून टाकते आणि दोष थंडीवर जातो. दोन-तीन आठवडे आधी झाडाखालच्या सावलीत, मग व्हरांड्यात, मग आत, असा क्रम ठेवावा. मातीची कुंडी सिमेंटच्या फरशीवर न ठेवता विटांवर ठेवावी. तसेच ती बाहेरून ओली राहू देऊ नये. सच्छिद्र माती, ओल आणि बाष्पीभवन यांमुळे माठातले पाणी जसे गार होते, तशीच ओल्या कुंडीतील मुळेही.

पांघरूण, तणस आणि पाणी

थंडीची लाट येणार असल्याची सूचना हवामान खात्याकडून आता दोन-चार दिवस आधी मिळते. त्या रात्रींसाठी तीन साधने हाताशी असतात आणि तिन्हींच्या बाबतीत सार्वत्रिक गैरसमज आढळतात.

पांघरुणासाठी गोणपाट, जुनी साडी, तट्टी किंवा तणसाची पेंढी, काहीही चालते. प्लॅस्टिकचा पातळ कागद मात्र एकटा पुरेसा ठरत नाही. साधा पॉलिथीन कागद उष्णतेच्या प्रारणाला बऱ्याच अंशी पारदर्शक असतो आणि त्याला टेकलेली पाने हमखास करपतात. कापडावर वरून प्लॅस्टिक टाकल्यास हरकत नाही. पांघरूण सूर्यास्तापूर्वी घालावे, म्हणजे दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब आत कोंडली जाते. ते जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे. झाडाचा शेंडा गुंडाळून खोडाशी गाठ मारण्याची पद्धत पाहावयास मिळते. तिने पान आणि आकाश यांच्यामध्ये आडोसा होतो खरा, पण जमिनीची ऊब बाहेरच राहते. सकाळी पांघरूण केव्हा काढावे, यालाही महत्त्व आहे. गार पडलेल्या पानावर कोवळे नव्हे, तर चढते ऊन एकदम पडले की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा दुखावते, कारण प्रकाश शोषला जातो पण त्याचा उपयोग करणारी विकरे थंडीने मंदावलेली असतात. पूर्वेकडे उघड्या असलेल्या झाडांचे नुकसान अधिक होते ते याचमुळे. कडाक्याच्या रात्रीनंतर हवा उबदार होईपर्यंत, साधारण नऊ वाजेपर्यंत, आडोसा ठेवणे इष्ट. दिवसभर मात्र तो ठेवू नये, नाहीतर जमीन तापणार नाही आणि पुढच्या रात्रीचा साठाच होणार नाही.

तणसाची बाब जरा गुंतागुंतीची आहे. जमिनीवर तणसाचा थर पसरला की झाडाला ऊब मिळते, असे सर्रास सांगितले जाते. हे मुळांपुरते आणि कंदांपुरते खरे आहे. हळद, आले, कर्दळ, हेलिकोनिया यांच्या वाफ्यांवर जाड थर अवश्य द्यावा. पण तणस हे उष्णतारोधक असते. ते जसे थंडी खाली जाऊ देत नाही, तसेच जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. परिणामी तणसाच्या थरावरची हवा उघड्या, ओल्या जमिनीवरील हवेपेक्षा रात्री अधिक गार होते. ठेंगण्या, जमिनीलगत पाने असलेल्या नाजूक रोपांच्या वाफ्यात लाटेच्या दिवसांत तणस बाजूला सारून जमीन दाबलेली, तणरहित आणि ओलसर ठेवणे अधिक हिताचे. तेच तणस रात्री रोपांच्या वर, काड्यांच्या मांडवावर टाकावे. एकच पदार्थ जागा बदलली की शत्रूचा मित्र होतो.

पाण्याचे तत्त्वही यातूनच स्पष्ट होते. कोरड्या जमिनीपेक्षा ओलसर जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते आणि रात्री ती सहज वर सोडते. म्हणून लाटेच्या आदल्या दिवशी दुपारपूर्वी जमिनीतील झाडांना हलके पाणी द्यावे. कुंड्यांना हा नियम लागू नाही, कारण त्यांच्यात साठा करण्याइतकी माती नसते. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याचे तापमान वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ, म्हणजे २६-२७ अंशांच्या आसपास असते. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिलेले पाणी मात्र सकाळी बर्फासारखे लागते. सकाळी सातला टाकीच्या नळाने पाणी घालणे ही माळ्याची सोय आहे, झाडाची नव्हे.

पाण्याच्या या गुणाचा उपयोग येथील शेतकरी उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांसाठी करतात. धान हेही उष्णकटिबंधीय आणि थंडीला हळवे पीक आहे. सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, देसाईगंज या पट्ट्यात सिंचन असलेल्या बांधीत डिसेंबर-जानेवारीत पऱ्हे टाकले जातात, तेव्हा ते पिवळे पडून खुंटतात आणि रोवणी लांबते. संध्याकाळी वाफ्यात विहिरीचे कोमट पाणी भरणे, सकाळी ते थंड पाणी काढून टाकणे आणि रात्री वाफे झाकणे हे उपाय त्यासाठी केले जातात. महाविद्यालयाच्या उद्यानात जे रोप वाचविणे हा अध्यापनाचा प्रश्न असतो, तो बांधीच्या कडेला एका हंगामाच्या उत्पन्नाचा प्रश्न असतो.

धुराविषयी

थंडीच्या रात्री बागेत ओला पालापाचोळा पेटवून धूर करावा, असा सल्ला अनेक पुस्तिकांतून दिला जातो. धुराचे पांघरूण तयार होऊन ऊब टिकते, अशी त्यामागील कल्पना आहे. ती शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही. धुराचे कण सुमारे एक मायक्रॉन वा त्याहूनही सूक्ष्म असतात, तर जमिनीतून व पानांतून निघणाऱ्या प्रारणाची तरंगलांबी दहा मायक्रॉनच्या आसपास असते. इतके बारीक कण इतक्या लांब तरंगांना फारसे अडवू शकत नाहीत. धुक्याचे थेंब मोठे असतात, म्हणून ते अडवू शकतात. जे काही काम होते, ते शेकोटीच्या आचेने होते, धुराने नव्हे. सकाळी तोच धूर ऊन अडवून जमीन तापण्यास विलंब लावतो.

चंद्रपूरच्या बाबतीत आणखी एक आक्षेप आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तीत चंद्रपूरचा समावेश होता. हिवाळ्याच्या शांत रात्री गार हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो आणि त्यात सोडलेला धूर वर जात नाही, तो वसतिगृहाच्या खिडक्यांतून आत येतो. गडचिरोलीकडे, जंगलाच्या कडेला, कोरड्या पानगळीच्या दिवसांत आग पेटविण्याचा धोका निराळा सांगावयास नको.

कोणते झाड कोठवर

सर्वच झाडांसाठी एवढा खटाटोप करावा, असे नाही. मिरीचा वेल १० अंशांपर्यंत निभावतो. मोठ्या आंब्याच्या वा फणसाच्या खोडावर, दाट सावलीत चढविल्यास त्याला वेगळ्या पांघरुणाची गरज सहसा भासत नाही. सुपारीला १४ अंशांखाली त्रास होतो, पण पहिली तीन-चार वर्षे आडोसा दिल्यास ती पुढे सावरते. केळ मरत नाही, मात्र १२-१३ अंशांखाली तिची वाढ थांबते आणि थंडीत निसवणारा घड खोडाच्या तोंडाशी अडकतो. म्हणून लागवडीचा महिना असा निवडावा की निसवण पौषात येणार नाही. पपईच्या कोवळ्या रोपांना पहिला हिवाळा जपावा लागतो. कोको आणि जायफळ यांच्याबाबत मात्र स्पष्ट बोलणे बरे. कोकोला १० अंशांखालची एक रात्रही महागात पडते, आणि ती टळली तरी मे महिन्यातील कोरडी, भाजणारी हवा पुढे उभी असते. उघड्यावर ही झाडे लावणे हा हट्ट होय. मोठ्या कुंडीत, बारमाही आडोशाखाली एक-दोन नमुने राखता आले, तर अध्यापनाची गरज भागते.

तुळशीचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण ती घरोघर असते आणि तिच्याविषयी चिंताही घरोघर असते. लग्न लागल्यानंतर महिन्याभरात तुळस झडू लागते. तीही थंडीला हळवी आहे. कार्तिकात मंजिऱ्या खुडून टाकल्या, पाणी निम्म्यावर आणले आणि रात्री वृंदावनावर सुती वस्त्र टाकले तर ती तग धरते. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच घरात घेतात. पहिल्या हिमतुषाराची वाट पाहण्याची मुभा तेथे नसते. चंद्रपुरात ती असते, आणि कदाचित म्हणूनच येथे दुर्लक्ष अधिक होते.

इजा झाल्यानंतर

शीतइजेची लक्षणे त्याच सकाळी दिसतातच असे नाही. पुष्कळदा थंडी ओसरून हवा उबदार झाल्यावर, तीन ते सात दिवसांनी, पाने पाणचट होतात, मग तपकिरी-काळी पडतात. मधल्या काळात थंडीचा विसर पडलेला असतो, त्यामुळे बुरशीचे निदान होते आणि फवारणी केली जाते. डाग केवळ आकाशाकडे उघड्या असलेल्या वरच्या पानांवर असतील आणि खालची, झाकली गेलेली पाने निरोगी असतील, तर कारण थंडी आहे, असे समजावे. रोग असा भेद सहसा करीत नाही.

काळवंडलेली पाने व शेंडे लगेच कापू नयेत. ती कुरूप दिसली तरी खालच्या जिवंत कोंबांना पुढील रात्रींत आडोसा देतात, आणि संक्रांतीनंतरही थंडीची एखादी लाट येतेच. खत या काळात देऊ नये. पाणी माती वरून दोन बोटे कोरडी झाल्यावरच द्यावे. महाशिवरात्रीच्या सुमारास रात्री स्थिरपणे उबदार होऊ लागल्या की नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे आढळेल तेथपर्यंत फांदी जिवंत आहे. तपकिरी लागले तर आणखी खाली पाहावे. हिरव्याच्या अर्धा इंच वर, डोळ्याच्या लगत छाट घ्यावी. बुंध्यापर्यंत तपकिरी असले तरी कुंडी लगेच रिकामी करू नये. नागवेल, हेलिकोनिया, अँथुरियम यांच्या मुळांशी पुष्कळदा जीव शिल्लक असतो आणि चैत्रात तेथून नवा कोंब येतो. तोपर्यंत पाटीवर झाडाच्या नावाखाली थंडीच्या लाटेची तारीख आणि त्या रात्रीचे तापमान लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या दसऱ्याला ती कुंडी कोणत्या भिंतीशी न्यावयाची, हे ठरविता येईल.